चार कॅमेरे, दीड तास

"सुंदर, ऐकूं येतें का? ऐकूं येत असेल तर दोरी ओढ."

साठ वर्षांपूर्वी परसातल्या विहिरीपाशी उभी राहून, काडेपेटीच्या रिकाम्या खोक्यात तोंड घालून अक्काने हे विचारलं होतं. ती तेरा वर्षांची, सुंदरराव सात वर्षांचे. दुसरं खोकं त्यांच्या कानाला होतं आणि ते पुढच्या दारात, ओट्याच्या कडेला बसले होते. मधे शिवणाचा पांढरा दोरा. कुंभकोणम्‌मधली ही अरुंद घरं अशी सरळ बांधलेली असतात की रस्त्यावर उभं राहिलं तर मागची विहीर दिसते. त्यामुळे दोरा कुठे अडला नाही, वाकला नाही. अक्काचा आवाज बारीक होऊन, थरथरत, कानात मुंगीसारखा शिरला. त्यांनी दोरी ओढली, आणि ती तिकडे टाळ्या वाजवत हसली.

पुढे सुंदरराव टेलिफोन खात्यात लागले, छत्तीस वर्षं लोकांचे आवाज इकडून तिकडे पोहोचवत राहिले आणि निवृत्त झाले. आता सदुसष्टाव्या वर्षी ते त्याच घरात, पुढच्या दारापासून विहिरीपर्यंत, छताच्या कडेने एक निळी केबल ओढत होते. खाली अक्का उभी होती. नाव वसंता, पण गल्लीत सगळ्यांची अक्काच.

"हें काय रे? घराला सलाइन लावतोस?"

"अक्का, वर नको पाहूंस. धूळ पडेल डोळ्यांत."

"वर पाहूं नको. खालीं न पाहतां चाललें म्हणून पडलें म्हणतां. मग पाहूं कुठें मी?"

सुंदरराव शिडीवरून हसले. पण "पडलें" हा शब्द त्यांना टोचला. गेल्या सहा महिन्यांत तो शब्द आला की त्यांचा हात कामात जरा जास्तच गुंतायचा.

झालं होतं ते असं. ऑगस्टात एका सकाळी अक्का विहिरीजवळच्या ओल्या दगडावर घसरली. मनगट मोडलं, कंबर धरली. उठता येईना. फोन कनवटीला होता. तिने भावाला फोन लावला. दोनदा. तिसऱ्यांदा लावायला गेली तर तो हातातून निसटून मोरीच्या पाण्यात गेला आणि कायमचा विझला. फूलवाली दारात येऊन हाका मारेपर्यंत दोन तास ती तशीच पडून होती.

त्या वेळी सुंदरराव अरसलार नदीच्या पुलापलीकडे, साक्कोट्टैच्या आपल्या घरी आरामखुर्चीत बसले होते. फोन मांडीवर होता. त्यावर अक्काचं नाव उमटलं, फोन वाजला, वाजत राहिला, थांबला, पुन्हा वाजला. त्यांनी उचलला नाही. आदल्या संध्याकाळी अक्काने इन्व्हर्टरची बॅटरी बदलायला दुकानातला माणूस बोलावला होता, आणि यांनी विचारल्यावर सगळ्यांसमोर म्हणाली होती, "तुझे हात आतां थरथरतात रे, तुला कशाला त्रास?" छत्तीस वर्षं तारा जोडलेल्या माणसाला हे लागलं. बोलावू दे आता दुकानवाल्यालाच, असं म्हणून त्यांनी फोन वाजू दिला.

इस्पितळात फोनवर अक्काचा मुलगा विजयराघव, घरचा विजू, रॉटरडॅमहून ओरडून विचारत होता, "मामा, तुम्ही फोन कां नाहीं उचललात?" तेव्हा सुंदररावांच्या तोंडून निघून गेलं, "चार्ज संपला होता. फोन बंदच होता." बोलून झाल्यावर ते इस्पितळाच्या जिन्यात गेले आणि आपल्या फोनवरच्या, न उचललेल्या कॉलच्या त्या दोन ओळी त्यांनी पुसून टाकल्या.

खाटेवरून अक्का म्हणत होती, "पण वाजला रे. दोनदां पूर्ण वाजला." डॉक्टर म्हणाले, धक्क्यात असं होतं, माणूस गोंधळतं. बाकीचे हो म्हणाले. सुंदररावही गप्प राहिले.

त्या दिवसापासून विजू एकच धरून बसला. अम्माचं मनगट जुळेल, पण तिच्या डोक्याचं काय? बंद फोन वाजला म्हणते! कोइंबतूरला वृद्धांसाठी चांगली सोय होती, डॉक्टर दारात, जेवण ताटात. त्याने तिथे खोली राखून ठेवली.

"तिथें संध्याकाळीं सातांला जेवायला घंटा वाजवतात म्हणे," अक्का सुंदररावांना म्हणाली होती. "मी काय शाळेंतली पोर आहें?" त्या आठवड्यात तिने घरातली सगळी पितळी भांडी काढून घासली, एकेक उन्हात ठेवलं आणि पुन्हा जागच्या जागी लावलं. सुंदररावांनी ते पाहिलं, आणि कॅमेऱ्यांची गोष्ट त्यांनीच काढली.

विजूने मान्य केलं, पण मुदत घातली. फेब्रुवारीचा महिना. चारही कॅमेरे दिवसभर चालू दिसले, अम्मा नीट वावरताना दिसली, तर तो कोइंबतूरचं नाव काढणार नाही. नाहीतर मार्चमध्ये येऊन तिला घेऊन जाईल.

दुकानात तयार कॅमेरे मिळत होते, लावले की फोनवर चित्र. पण त्यांची चित्रं कुठल्यातरी परक्या कंपनीच्या यंत्रावर जाऊन पडतात आणि तिथून आपल्याला दिसतात. सुंदररावांना ते नको होतं. मधे तिसरा माणूस बसला की तो ऐकू शकतो, हे त्यांनी एक्स्चेंजमध्ये जन्मभर पाहिलं होतं. अक्काची चित्रं अक्काच्याच घरात राहतील, असं त्यांनी ठरवलं. जुना कॉम्प्युटर उघडून झाडला, त्यात मोठी डिस्क बसवली, फुकट मिळणारी रेकॉर्डिंगची प्रणाली घातली. व्हिडिओ पाहून पाहून, वहीत टिपून टिपून, महिनाभरात ते सगळं शिकले.

कॅमेरे लावायच्या दिवशी अक्काने हद्दी आखून दिल्या. "देवघर नको. न्हाणी नको. निजायची खोली नको."

"स्वयंपाकघर?"

"दारापर्यंत. आंत नको. माझें सांबार शिकून घेईल तें रॉटरडॅम."

म्हणून एक कॅमेरा पुढच्या दारावर, एक मधल्या उघड्या चौकात, एक स्वयंपाकघराच्या दाराकडे आणि एक विहिरीवर. चारही कॅमेऱ्यांच्या केबली मधल्या खोलीत, झोपाळ्यामागच्या फळीवर, एका चपट्या पेटीत येत होत्या. कॅमेऱ्यांना वीज त्याच केबलींतून मिळायची आणि चित्रही त्यांतूनच यायचं. धंद्यात त्या पेटीला स्विच म्हणतात. पण अक्काच्या लेखी स्विच म्हणजे भिंतीवरचं बटण, म्हणून घरात तिचं नाव नुसतं पेटी पडलं. कॉम्प्युटर दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या बोर्डावर.

चित्र बाहेर पाठवताना पहिली अडचण आली. इंटरनेटवाल्याने अख्ख्या गल्लीला मिळून एकच पत्ता दिला होता. कार्यालयाला एकच नंबर आणि आत पन्नास एक्स्टेंशन, तसं. बाहेरून नेमकं अक्काचं घर गाठायला वाट नव्हती. दोन दिवस डोकं खाजवून त्यांनी उलटी वाट काढली: घरातलं यंत्रच बाहेर हात लांब करून विजूच्या यंत्राचा हात धरील, आणि त्या बंद बोगद्यातून चित्र जाईल. पहिल्यांदा रॉटरडॅमला चित्र उमटलं तेव्हा विजू म्हणाला, "मामा, अम्मा रांगोळी घालतेय!" आणि क्षणभर त्याचा आवाज लहानपणचा झाला.

आवाजाचं रेकॉर्डिंग त्यांनी बंद ठेवलं होतं. पडद्यावर अक्काचे नुसते ओठ हलत होते. पण रांगोळी घालताना ती काय म्हणते, हे त्यांना ठाऊक होतं:

पहिली माझी रेघ उंबऱ्याला लागली,
येणाऱ्या पावलांला वाट तिणें दावली.

पाचव्या दिवशी अक्का कॉम्प्युटरपाशी येऊन बसली. "हें सगळें सांठतें कुठें? एवढा दिवस एका डब्यांत मावतो?"

"एका डब्यांत नाहीं अक्का. दर दहा मिनिटांला एक फाईल पुरी होते आणि नवी सुरू होते. एखादी बिघडली तरी बाकीचा दिवस वांचतो."

"दर दहा मिनिटांला नवी सुरू?"

"दर दहा मिनिटांला."

"दिवसभर?"

"दिवसभर. रात्रभर."

अक्का "सरि" म्हणाली, म्हणजे बरं, आणि भाजी चिरायला गेली.

दुसऱ्या दिवसापासून खंड पडू लागला.

कॉम्प्युटर प्रत्येक कॅमेऱ्याचा दिवस एका हिरव्या पट्टीने दाखवायचा. त्या चारही पट्ट्यांत एकाच ठिकाणी पांढरी फट दिसू लागली. रोज. दीड तासाची. तिसऱ्या दिवशी विजूचा निरोप आला: "मामा, काल दुपारी सगळाच अंधार. काय झालं?"

चारही कॅमेरे एकदम जातात आणि कॉम्प्युटर चालू राहतो, म्हणजे पेटीला वीज मिळत नाही, इतकं उघड होतं. सुंदररावांनी पेटीचा अडॅप्टर बदलला. दुसऱ्या दिवशी फट होतीच. मग पेटीच बदलली. मग वाटलं, टीव्हीने एखाद्या कॅमेऱ्याचा पत्ता बळकावला असेल, म्हणून घरातल्या प्रत्येक यंत्राला कायमचा पत्ता नेमून दिला. चारही एकदम का जातात याचं उत्तर त्यात नाही, हे ठाऊक असूनही. केबलींची टोकं कापून नव्याने बसवली. उष्म्याने पेटी तापत असेल म्हणावं, तर सोमवारी सकाळी साडेसातला कसला उष्मा? वीज कार्यालयात जाऊन विचारलं, गल्लीची लाइन रोज वेगळ्या वेळी बंद करता का? तिथला माणूस म्हणाला, "सार, आम्ही एवढे नियमित असतों तर मला बढती मिळाली असती."

एक शंका मात्र ते दूर ढकलत होते. फळीखाली भिंतीवर बटण आहे. कुणी ते बंद करून विसरत असेल तर? घरात दुसरं होतं कोण? मग विजूचं म्हणणं खरंच ठरायचं. तरी एकदा त्यांनी विचारलं, "अक्का, तूं पेटीला हात लावतेस का?"

"तुझ्या पेटीला मी कशाला हात लावूं? कागद चिकटवलास नव्हे वर, हात लावूं नये म्हणून?"

एका रविवारी ते चारपासून साडेसहापर्यंत पेटीसमोर खुर्ची टाकून बसले. काही झालं नाही. दिवे लुकलुकत राहिले. अक्का दोनदा येऊन घड्याळ पाहून गेली, कॉफी देऊन गेली, पुन्हा आली.

"अजून बसणार आहेस?"

"आज कसें गेलें नाहीं?"

"तुला पाहून भितें तें," अक्का म्हणाली. ती नाखूश दिसत होती.

घरी आल्यावर त्यांनी दोन आठवड्यांच्या वेळा एका कागदावर नीट लिहिल्या आणि रोज डोळ्यांसमोर राहावा म्हणून तो फ्रिजवर चिकटवला. बुधवारी सकाळी त्यांची पत्नी सीतालक्ष्मी दूध काढायला आली आणि कागदासमोर थांबली.

"अहो, राहुकाळ कशाला उतरवून काढलात? कॅलेंडरांत छापलेला असतो कीं रोज. आणि तोही चुकीचा लिहिलात. सोमवारीं सात बत्तीस नव्हे, साडेसात."

"कसला राहुकाळ?"

"हा काय. सोमवार साडेसात ते नऊ. मंगळवार तीन ते साडेचार. बुधवार बारा ते दीड. इथल्या शाळेंतल्या पोरीलाही पाठ असतो. तुम्हीं नाहीं मानत, म्हणून तुमच्यासाठीं तो थांबतो काय?"

सुंदररावांनी भिंतीवरच्या कॅलेंडराचं पान धरलं, मग कागद. वार जुळत होते, वेळा जुळत होत्या. राहुकाळ म्हणजे दिवसातला तो दीड तास, ज्यात कुठलंही नवं काम सुरू करायचं नाही. शेजारच्या तिरुनागेश्वरम्‌ला राहूच्या दर्शनाला गावोगावचे लोक येतात. सुंदरराव मात्र त्या वेळेला जन्मभर हसत आले. एक अख्खा पंधरवडा ती समोर मांडलेली असूनही त्यांना ओळखू आली नव्हती.

आधी त्यांना हायसं वाटलं. जे माणूस वाराप्रमाणे, मिनिटाला धरून, आपण पहाऱ्याला बसलो तो एक रविवार सोडला तर पंधरा दिवस एकदाही न चुकता बटण दाबतं, ते विसरतंय कसलं! मग लक्षात आलं की विजूला हे सांगितलं तर तो वेगळंच ऐकेल.

सव्वाबाराला ते स्कूटरवरून पूल ओलांडून अक्काच्या दारात उतरले. दार उघडं होतं. अक्का झोपाळ्यावर बसून वाती वळत होती. मागे पेटीचे दिवे विझलेले होते.

"आलास?" ती म्हणाली. वात वळायची थांबली नाही. "सीतेनें सांगितलें असेल. तुला कुठचें कळायला?"

"अक्का, मी विचारलें तेव्हां नाहीं म्हणालीस."

"पेटीला हात लावतेस का, विचारलेंस. नाहीं लावला. भिंतीवरचें बटण दाबलें. तें माझ्या बापानें बसवलेलें आहे."

"पण कां?"

आता तिने वाती बाजूला ठेवल्या. "तूंच सांगितलेंस. दर दहा मिनिटांला नवी सुरू होते. चाललेलें काम राहुकाळांत चालूं दे, त्याला हरकत नाहीं. नवें सुरू करूं नये, एवढेंच आहे. चाललेली गाडी चालूं दे, पण घरांतून निघूं नको. हें तर त्या दीड तासांत नऊदां सुरू होतें! आणि कसलें काम? माझें इथें राहणें कीं जाणें, तें ठरवायचें. नऊदां अपशकुन करून विजूपुढें ठेवूं?"

सुंदररावांनी मनात हिशेब केला. नऊदा हा आकडा बरोबर होता.

"विजू तिथें पाहतो तेव्हां त्याच्या गांवचा राहुकाळ वेगळा असेल," ते कसेबसे म्हणाले.

"कॅमेरा इथें आहे नव्हे?"

"मला सांगायचें तरी."

"हंसला असतास. बापाच्या श्राद्धाच्या दिवशींही हंसला होतास तूं, आचाऱ्यानें चूल पेटवायची थांबवली तेव्हां."

ते हसले नाहीत. पलीकडच्या खोलीत कॉम्प्युटरपुढे बसले आणि विचार करू लागले. फाईल दहाच मिनिटांची असावी असा कुठे नियम आहे? दोन तास सलगही ठेवता येते. सात वारांच्या सात ओळी लिहायच्या: राहुकाळाच्या पाच मिनिटं आधी एक फाईल सुरू व्हावी, आणि तो संपून पाच मिनिटं झाल्यावरच दुसरी. मधे नवीन काही नाही, फक्त चाललेलं चालू. त्यांनी हे अक्काला सांगितलं. तिने दोनदा विचारून घेतलं.

"मधें एकही नाहीं?"

"एकही नाहीं."

"उद्यां गुरुवार. दीड ते तीन. मी बसून पाहीन."

गुरुवारी दोघं यादीसमोर बसले. एक पंचविसाला फाईल सुरू झाली. अक्का चष्मा लावून त्या ओळीकडे पाहत राहिली, दूध उतू जाऊ नये म्हणून बायका चुलीकडे पाहतात तशी. दोन वाजले, अडीच वाजले, दुसरी ओळ आली नाही.

"सुंदर," ती पडद्यावरून नजर न हलवता म्हणाली, "माझें डोकें ठिकाणावर नाहीं म्हणतो विजू. तुला तसें वाटतें?"

"नाहीं."

"मग तो फोन? आधीं मी शपथेवर सांगत होतें, दोनदां वाजला. तुम्हीं सगळे म्हणालांत, नाहीं. आतां मीही मोजत बसतें, दोनदां वाजला, कीं एकदां, कीं वाजलाच नाहीं? दगडावर पडून मीच कल्पना केली? रोज मोजतें. पूर्वी वाणसामान आणतांना यादी लागत नव्हती मला. आतां लिहून नेतें. भरंवसा वाटत नाहीं."

सुंदररावांनी यादीवरून नजर काढली. आताच सांगावं. हाच क्षण आहे. कॅमेरे लावले, बोगदा खणला, सात वारांच्या सात ओळी लिहिल्या, ते सगळं हे एक वाक्य चुकवायलाच केलं होतं की काय, असं त्यांना वाटलं. छातीत ते वाक्य तयार होतं. पण तेवढ्यात तीन वाजून पाच मिनिटं झाली, यादीत दुसरी ओळ उमटली, आणि अक्का म्हणाली, "आली! बरोबर आली!" ती इतकी खूश झाली की त्यांनी ते वाक्य गिळलं. दारातून दिसणाऱ्या पेटीकडे बोट करून म्हणाले, "दिवे बघ कसे लागलेत."

गुरुवार, शुक्रवार, शनिवार पट्ट्या अखंड हिरव्या राहिल्या. रविवारी विजू बोलणार होता. राहुकाळ साडेचार ते सहा, म्हणून अक्काने त्याला पावणेचारलाच बसवलं. तिकडे सकाळ होती. पडद्यावर विजू कपातून काही पीत होता.

"मामा, पट्टी आतां पूर्ण दिसते. छान. पण पंधरा दिवस काय झालें होतें?"

सुंदररावांनी आधीच ठरवून ठेवलं होतं: अडॅप्टर खराब होता, असं सांगायचं. अडॅप्टरला कोइंबतूरला पाठवत नाहीत. पण ते तोंड उघडणार तोच अक्का म्हणाली, "मी बंद करत होतें."

आणि तिने सगळं सांगितलं. फाईल, दहा मिनिटं, नऊदा. सांगताना ती ताठ बसली होती. मनगटातल्या बांगड्या तिने मागे सारल्या होत्या. विजूने कप खाली ठेवला.

"अम्मा, म्हणजे रोज दीड तास, मला कांहींच दिसत नव्हतें, तेव्हां घरांत तूं एकटी. त्याच वेळीं पडली असतीस तर?"

"त्या वेळीं मी जागची हलत नव्हतें. झोपाळ्यावर बसत होतें."

"आणि मामांनीं विचारलें तेव्हां सांगितलें नाहींस."

"तो विचारायचें तें विचारत नव्हता."

विजू हसला नाही. त्याचा आवाज मऊ झाला, आजारी माणसाशी बोलतात तसा. आणि तो मऊपणा सुंदररावांना रागापेक्षा वाईट वाटला. "अम्मा, ऐक. मी रागावत नाहीं. पण बघ, एक गोष्ट मनांत धरतेस आणि ती खरीच वाटायला लागते तुला. ऑगस्टांतही तसेंच झालें. मामांचा फोन बंद होता. तूं मात्र वाजला म्हणत राहिलीस. बंद फोन वाजतो का गं? मला याचीच भीती वाटते. कॅमेरा पडणें दाखवील, हें कसें दाखवील?"

गल्लीतून भंगारवाल्याची हाक गेली. अक्काने मांडीवरच्या पदराची कड सरळ केली, पुन्हा सरळ केली. सुंदररावांनी तिच्याकडे पाहिलं. गेले सहा महिने ती या एका गोष्टीवर उभी होती, दुखऱ्या मनगटासकट. त्यांच्या देखत तिने ती सोडली.

"नसेल वाजला," ती हळूच म्हणाली. "मलाच तसें ऐकूं आलें असेल. तूं म्हणतोस तें ठीक आहे, विजू. कोइंबतूर तर कोइंबतूर. खोली कुठल्या दिशेची आहे, तेवढें विचार."

"अम्मा, पूर्वेची घेऊं आपण. खिडकीही मोठी—"

"वाजला होता," सुंदरराव म्हणाले.

विजू थांबला. "काय, मामा?"

"फोन बंद नव्हता. चार्ज संपला नव्हता. माझ्या मांडीवर होता." त्यांचे हात थरथरत होते, ते त्यांनी लपवले नाहीत. "नांव दिसलें. अक्का म्हणून. बॅटरीवरून रागावलों होतों, म्हणून उचलला नाहीं. नंतर इस्पितळाच्या जिन्यांत जाऊन दोन्ही ओळी मीच पुसल्या. तिच्या डोक्याला कांहीं झालेलें नाहीं, विजू. खोटें मी बोललों, आणि सहा महिने तिला खोटी पडूं दिली."

सुंदररावांनी पडद्याकडे पाहणं सोडलं आणि खुर्ची अक्काकडे वळवली.

"अक्का, दोनदांच वाजला," ते म्हणाले. "पूर्ण वाजला. तूं बरोबर मोजलेंस."